मामा म्हणाला, होणार नाही

मामा आमच्या बेकरीत भट्टीवर होता आणि मी काउंटरवर. वयाने तो माझ्याहून बराच लहान, पण सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची म्हणून मीही म्हणायची. खरा मामा तो एकाच पोराचा. बहिणीचा मुलगा, शाळेच्या शेवटच्या वर्षाला, उंच आणि इतका बारीक की त्याला सगळे काडी म्हणत. काडीचे वडील बोटीवर नोकरीला. वर्षातून दोनदा घरी यायचे आणि पहिले चार दिवस पाहुण्यासारखे अवघडून बसायचे. त्यामुळे काडीला सायकल शिकवली मामाने, पोहायला शिकवलं मामाने, आणि पळायलाही मामानेच. म्हणजे मुद्दाम शिकवलं असं नाही. दुपारी भट्टीवरून सुटला की मामा नदीकाठच्या रस्त्याने पळायला जायचा आणि हे पोर त्याच्या मागे लागायचं. आधी पुलापर्यंत, मग पुलापलीकडे. आणि एक दिवस पोर पुढे आणि मामा मागे.

त्या वर्षी मैलाच्या शर्यतीत काडी सगळ्या शाळांमध्ये पहिला आला. मैल म्हणजे मैदानाच्या चार फेऱ्या आणि वर थोडंसं. ते अंतर चार मिनिटांच्या आत कापणं मुरलेल्या धावपटूंनाही जड जातं; शाळेतल्या पोराने कापलं तर लोक वर्षानुवर्षं त्याचं नाव काढतात. काडीला चार मिनिटं आणि वर तीन सेकंद लागले होते. शाळा संपायच्या आधी आता एकच शर्यत उरली होती.

तीन सेकंद म्हणजे काय हो? शिंक येऊन जाते तेवढ्यात. त्यामुळे गल्लीत प्रत्येकाला वाटायचं, झालंच की! पाव घ्यायला आलेला प्रत्येक माणूस काउंटरवरून आत मान घालायचा. "काय मामा, होणार ना चार मिनिटांच्या आत?" मामा भट्टीतून ट्रे ओढत म्हणायचा, "पाव गरम आहे, जपून धरा."

तो असं का करतो ते मला ठाऊक होतं. त्याच्या शाळेच्या शेवटच्या वर्षी तोही याच मैदानावर, जवळजवळ याच वेळेपाशी उभा होता. तेव्हाही सगळे म्हणत होते, नक्की होणार. मुख्याध्यापकांनी फोटोवाला बोलावून ठेवला होता. बाजारात तुरी म्हणतात तसलाच प्रकार. आणि मामा पोचला तो चार मिनिटं उलटून गेल्यावर, एका सेकंदाने आणि वर थोड्याने. कोणी रागावलं नाही. तेच वाईट झालं. दोन महिने लोक त्याच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलत होते. न्हाव्याने केस फुकट कापले. मामाने त्यानंतर शर्यत म्हणून कधी पळून पाहिलं नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आमचा मामा तर पाणीसुद्धा फुंकायचा.

एका दुपारी शाळेच्या खेळाच्या बाई बेकरीत आल्या. वयाने तरुण, बोलायला स्पष्ट. त्यांनी पीठ सांडलेल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि मामाला एक रेघ दाखवली. काडीच्या दोन वर्षांतल्या सगळ्या शर्यती एका रेघेत, खाली खाली उतरत आलेल्या.

"माझा अंदाज असा आहे," बाई म्हणाल्या, "की दिवस चांगला असला आणि पुढे कोणी वेग धरून पळणारा असला, तर तो चारच्या आत येईल. दहात सात वेळा येईल. आमच्याकडे तसं पळू शकेल असा दुसरा मुलगा नाही. तुम्ही पळाल का पहिल्या फेऱ्या?"

मामाने पिठाचं बोट त्या रेघेवरून खालपर्यंत नेलं. "बाई, रेघ छान आहे," तो म्हणाला. "पण एके काळी ही रेघ माझीही होती."

बाईंनी कीबोर्डवरचं पीठ फुंकरीने उडवलं. "तुम्हाला आहे तितकी काळजी मला त्याची नसेल. पण आहे. विचार करा." दोन पाव घेतले आणि गेल्या.

पुढचं मला ताईंनी सांगितलं. ताई म्हणजे मामाची मोठी बहीण, काडीची आई. तिघं लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचे. खालच्या इस्त्रीच्या वाफेने त्यांची फरशी हिवाळ्यातही कोमट असायची. त्या संध्याकाळी जेवताना काडीने ताटातून मान वर न करता विचारलं, "मामा, बाई म्हणतात होईल. तुला काय वाटतं?"

ताई म्हणाल्या, मला वाटलं हा काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. पण पोराशी खोटं बोलायचं नाही हा त्याचा जुना नियम.

"मला वाटतं, होणार नाही," मामा म्हणाला. "यंदा तरी नाही."

"बरं," काडी म्हणाला आणि जेवत राहिला. ताट स्वच्छ केलं, धुऊन ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी मामा बूट घालून खाली आला तर काडी एकटाच निघून गेलेला. तिसऱ्या दिवशीही तेच. बेकरीत आम्ही म्हणायचो, मामाचा आणि भाच्याचा काडीमोड झाला. मामा हसायचा, पण त्या आठवड्यात बिस्किटांत साखर दोनदा विसरला.

एक दिवस तो डबा द्यायला ताईंच्या कामावर गेला. ताई कवळ्या बनवायच्या कारखान्यात होत्या. खिडकीशी त्यांचं टेबल, टेबलावर प्लॅस्टरच्या जबड्यांची रांग, आणि ताई डोळ्याला भिंग लावून एकेक दात बसवत असायच्या. अर्ध्या गावाचं हसू त्यांच्या हाताखालून गेलेलं.

"बस," ताई म्हणाल्या. "हा जबडा बघ. कालच्या माणसाचा साचा मी याला लावला तर बसेल?"

"कसा बसेल?"

"दोघांचं वय एक, उंची एक. लांबून बघितलं तर तोंडही सारखंच."

"ताई, मला समजतं हं तू काय बोलतेयस ते."

"समजतं तर मग मला सांग," ताईंनी भिंग काढलं, "त्या दिवशी तू 'होणार नाही' म्हणालास, ते माझ्या पोराला म्हणालास की तुझ्यातल्या त्या पोराला? गेल्या वर्षभरात तू त्याला पळताना बघितलंयस कधी?"

"रोज बरोबर पळायचो की मी त्याच्या."

"बरोबर पळायचास. बघत नव्हतास."

मामा उठला. डबा तिथेच ठेवून चालू लागला, मग परत येऊन म्हणाला, "झाकण घट्ट बसलंय, जपून उघड." त्याला राग आला की तो असा काहीतरी बारीकसारीक उपकार करून जायचा.

त्याच दुपारी तो मैदानावर गेला. आत नाही, जाळीच्या कुंपणाबाहेर, जिथे सायकली लावतात तिथे उभा राहिला. काडी सराव करत होता. मामाने दुसऱ्या दिवशी भट्टीसमोर उभं राहून मला हे सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याच्या हातातलं पीठ वाळून गेलं तरी त्याला भान नव्हतं.

"अहो, तिसऱ्या फेरीत माझ्या मुठी वळायच्या," तो म्हणाला. "दात आवळायचे. तिथे श्वास संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. मला त्या वळणाची भीती बसली होती. आणि हे येडं काय करतंय माहितीये? त्याच वळणावर खांदे सोडतंय! हात ढिले! आणि थांबल्यावर हसतंय. बाईंनी वेळ सांगितली, चांगली नव्हती, तरी ते बाटलीतलं पाणी मित्राच्या डोक्यावर ओतून पळालं. मी त्या वयात वाईट वेळ आली की दोन दिवस जेवायचो नाही."

"म्हणजे होईल म्हणतोस?" मी विचारलं.

"नाही हो. नाही होणार. तीन सेकंद म्हणजे डोंगर आहे." मग म्हणाला, "पण ते पोर वेगळं आहे. मी समजत होतो तसं नाही."

त्या संध्याकाळी काडी पळायला निघाला तेव्हा मामा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बूट घालून बसलेला होता.

"शर्यतीत पुढे मी पळतो," मामा म्हणाला. "दोन फेऱ्या तर नक्की ओढीन. तिसरी झेपली तर झेपली. बाईंना सांगून आलोय."

"पण तुझ्या मते होणार नाही ना?"

"नाही."

"मग कशाला पळतोस?"

"मी पुढे पळणार. माझं मत राहील मागे. तू दोघांच्या मधून वाट काढ."

काडी हसला. मग त्याने खाली वाकून मामाच्या बुटाची सैल नाडी बांधली आणि दोघं निघाले.

शर्यतीच्या दिवशी बेकरी लवकर बंद केली. मालक स्वतः म्हणाले, नाहीतरी भट्टीवाला तिथेच असणार आहे. ऊन उतरलेलं होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. लाकडी बाकांवर आमची सगळी गल्ली. ताई मात्र बाकांच्या मागे, पाण्याच्या नळापाशी, मैदानाकडे पाठ करून उभ्या. "तुम्ही बघा आणि मला सांगा," त्या मला म्हणाल्या. "माझ्याच्याने बघवत नाही. भावाच्या वेळी बघितलं होतं, तेवढं पुरे."

मामा रांगेत उभा राहिला तेव्हा थोडं हसू झालं. बाकीची सगळी कोवळी पोरं आणि मध्ये हा टक्कल पडू लागलेला माणूस. पण शिट्टी झाली आणि हसू थांबलं. मामा असा पळत होता जणू त्याच्या छातीत घड्याळ बसवलंय. मागे हातभर अंतरावर काडी. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. बाई कडेने ओरडून सांगत होत्या, बरोबर आहे, अगदी बरोबर. दुसरी फेरी संपताना मामाने बाजूला व्हायचं ठरलं होतं. तो झाला नाही. तिसऱ्या फेरीत त्याचा चेहरा पांढरा पडला, मान मागे गेली, तरी पाय त्याच तालात. मी मागे वळून ओरडले, "ताई, अजून पुढेच आहे तो!" ताईंनी नळ सोडला आणि भरायला बाटली नसतानाच पाणी वाहू दिलं.

ते वळण आलं. तिथे काय झालं ते मामाने नंतर सांगितलं. मागून काडीचा आवाज आला, अगदी हळू, घरात दारात उभ्या माणसाला म्हणतात तसा. "मामा, बाजूला हो."

मामा बाजूला झाला. काडी त्याच्या जवळून गेला तेव्हा वारा लागला, म्हणाला. मग मामा गवतावर पालथा पडला. त्याने मान वर केली नाही. कानांवर हात धरले. एकदा हरणं पाहिलं होतं, दुसऱ्यांदा पाहायचं नव्हतं, आणि तेही त्या पोराचं.

मी मात्र पाहिलं. शेवटच्या फेरीत काडी एकटा होता, पुढे कोणी नाही, बाकीचे खूप मागे. शेवटच्या सरळ वाटेवर तो वेडावाकडा झाला, एक हात छातीशी आला, पण पाय थांबले नाहीत. तो रेषेपलीकडे गेला आणि बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग शेजारच्या पंचाच्या घड्याळाकडे, मग तिसऱ्याच्या. आणि मग ती शिस्तीची बाई जागच्या जागी उड्या मारायला लागली.

मी ताईंना काही सांगायच्या आधीच त्या निघाल्या होत्या. चपला हातात, पदर खोचलेला, कुंपणाच्या फाटकातून मैदानावर. मला वाटलं, पोराकडे चालल्या. पोराभोवती तर गर्दी झाली होती. ताई तिकडे वळल्याही नाहीत. गवत तुडवत सरळ भावाकडे गेल्या, त्याच्याशेजारी बसकण मारली आणि त्याचे कानावरचे हात ओढून काढले.

"चुकलास!" त्या रडत होत्या आणि हसत होत्या. "चुकलास रे, चुकलास!"

मामाला आधी कळेचना. मग कळलं. तो उठून बसला, गालाला गवत चिकटलेलं, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. इतक्या लोकांसमोर. कोणी हळू आवाजात बोललं नाही. सगळे ओरडतच होते.

चार मिनिटांना पुरता अर्धा सेकंदही कमी नव्हता. पण कमी होता.

काडी लंगडत आला आणि त्या दोघांच्या मध्ये येऊन पडला. "मामा," तो धापा टाकत म्हणाला, "तू तीन फेऱ्या ओढल्यास. मला वाटलं नव्हतं, तुझ्याच्याने होईल."

"मलाही नव्हतं वाटलं," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामाने पहिली भट्टी करपवली. मी नोकरीला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मालकांनी वास घेतला, काळे पाव पाहिले, आणि अभिनंदन करायला येईल त्याच्या हातात एकेक ठेवायला सांगितलं. लोकांनी ते तिथेच उभं राहून खाल्ले. न्हावी म्हणाला, "मामा, चव वेगळी आहे, पण छान आहे." त्या दिवसापासून परीक्षेच्या दिवसांत आयाबाया पोरांना घेऊन काउंटरवर यायला लागल्या. "मामा, जरा म्हणा ना, नापास होईल म्हणून." मामा ओल्या पिठाचा हात पोराच्या डोक्यावर ठेवायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, "काही खरं नाही याचं." पोरं खूश होऊन जायची.

काडी पुढे दुसऱ्या शहरात शिकायला गेला. जनावरांचा डॉक्टर व्हायचंय त्याला. तिथे दोन वर्षं शर्यती पळाला, पण चार मिनिटांच्या आत पुन्हा आला नाही. मग अभ्यास वाढला आणि शर्यती सुटल्या. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही, असं ताई म्हणतात. खेळाच्या बाईंना थोडं वाटलं.

सुट्टीत तो घरी येतो तेव्हा दोघं दुपारी नदीकाठाने पळायला जातात. मी दुकानाच्या पायरीवरून पाहते. मामाचा डावा गुडघा आता कुरकुरतो, म्हणून भाचा मुद्दाम हळू पळतो. मामाला ते कळतं. पुलाचा चढ आला की मात्र दोघंही जरासा जोर करतात, आणि वर पोचेपर्यंत कोण पुढे आहे ते मला इथून दिसत नाही.