चुलीचं लाकूड

बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये चूल कधी नव्हतीच. रत्नप्रभा लोंढे लग्न होऊन जालन्याहून भोपाळला आली त्या दिवशी ओट्यावर गॅसची शेगडी होती, आणि नवरा रिटायर होऊन क्वार्टर सोडलं त्या दिवशीही गॅसच होता. मग तिचा नवरा विश्वास चर्चच्या मंडळीसमोर उभा राहून, डोळे पुसत, "चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि बायकोच्या हातावर घातलं," असं सांगायचा, ते लाकूड आलं कुठून? हा प्रश्न मनात आला की रत्नप्रभाच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

विश्वास कारखान्यात क्रेन चालवायचा. जन्मानं ख्रिस्ती, पण देवळाची, म्हणजे चर्चची, पायरी चढायचा ती नाताळला, तीही नवा शर्ट दाखवायला. पुढं कावीळ झाली, दारू सुटली, आणि सत्यजित नावाच्या तरुण पाळकानं त्याच्या उशाशी बसून प्रार्थना केली. तेव्हापासून गडी पार बदलला, असं सगळे म्हणत. दारू सुटली हे खरंच होतं, ते रत्नप्रभाही नाकारत नव्हती. पण त्याला साक्ष द्यायची चटक लागली. मी किती वाईट होतो आणि देवानं मला कसं उचललं, हे तो इतकं रंगवून सांगायचा की बायका हुंदके द्यायच्या. उपासना संपली की त्याच बायका येऊन रत्नप्रभाचा हात दाबायच्या. नेमका डावा, वाकडा जुळलेला. "आंटी, कितनी लकी हो आप," म्हणायच्या. ती हात सोडवून घ्यायची आणि चपला शोधायला लागायची.

खरं घडलं ते असं. अपर्णा, त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा शाळेत होती. तिच्या पचमढीच्या सहलीला रत्नप्रभानं नवऱ्याला न विचारता हो म्हटलं. विश्वास पहिल्या पाळीहून घरी आला होता, भरदुपारी, कोरडा ठणठणीत. रत्नप्रभाचा हात दाराच्या चौकटीवर असताना त्यानं दार ओढलं. एकदा ओढलं, उघडलं, आणि पुन्हा ओढलं. मग दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरसमोर पोरीला पुढं केलं. "सांग बेटा, आई कशी पडली." पोर म्हणाली, बाथरूममध्ये घसरली. डॉक्टरनं शाबास म्हणून तिला गोड गोळी दिली. ती गोळी अपर्णानं खाल्ली नाही, रस्त्यात टाकली. आता ती नागपूरला बँकेत आहे. बापाचा आवाज आला की फोन ठेवते.

ह्यातलं एक अक्षर साक्षीत नव्हतं. सगळं पाप दारूच्या डोक्यावर, आणि दारू काही उठून बोलत नाही. दारूची बाजू घ्यायची पाळी आपल्यावर यावी, ह्याचं रत्नप्रभाला हसू यायचं आणि पाठोपाठ संताप यायचा.

अशात पाळक सत्यजित घरी आला. शाहपुऱ्याच्या मैदानावर तीन संध्याकाळी सुवार्तेची सभा होती. बाहेरचे, कधी देवळात न आलेले लोक येणार होते.

"काकू, अंकल साक्ष देतील आणि तुम्ही फक्त बाजूला उभ्या राहून बोलायचं, बस दो मिनिट. घर कसं बदललं ते. लोकांना प्रेम दिसलं पाहिजे."

"आणि पश्चात्ताप?" रत्नप्रभानं मशीन थांबवून विचारलं. ती घरी ब्लाउज शिवायची.

"काकू, आजकाल पाप, पश्चात्ताप असं काढलं की लोक उठून जातात. आधी प्रेम. बाकी मग हळूहळू."

तिला तिचा बाप आठवला. गोपीनाथ जालन्याकडच्या खेड्यांतून सुवार्ता सांगत हिंडायचा. आजाऱ्याला सायकलवर बसवून मिशनच्या दवाखान्यात न्यायचा, त्याच्या घरी भाकरी खायचा आणि मग तोंडावर सांगायचा, बाबा, तू भावाचा बांध कोरलास, तो आधी सरळ कर. लोक चिडायचे, पण पुन्हा त्यालाच बोलवायचे. त्याचा नेम ठरलेला असायचा. चूक दाखवायची ती आधी एकट्याला, उंबऱ्याच्या आत. नाही ऐकलं तर एका साक्षीदारासमोर. तरी नाही तर मंडळीसमोर. आणि तिन्ही वेळा त्या माणसाला सोडून जायचं नाही.

पाळक गेल्यावर रत्नप्रभा म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही प्यायला नव्हता."

विश्वासनं पेपर खाली केला नाही. "झालं गेलं. देवानं पुसून टाकलंय, तू कशाला उकरतेस?"

"देवानं पुसलं असेल. माझ्याशी तुम्ही अजून एक शब्द बोलला नाही. सगळ्या भोपाळला सांगून झालं, मीच राहिले."

तो चपला घालून तलावाकडं फिरायला गेला. परत आल्यावर जेवण कधी मिळेल, तेवढंच विचारलं.

रविवारी तिनं पाळकाला थांबवून घेतलं आणि नवऱ्यादेखत सगळं सांगितलं, दार, डॉक्टर, अपर्णा. सत्यजितचा चेहरा उतरला. पोरगा मनानं वाईट नव्हता, पण सभेची पत्रकं वाटून झाली होती. तो म्हणाला, "काकू, डिटेलमध्ये कशाला जायचं? मूळ गोष्ट तर खरी आहे ना. प्रेमानं झाकायचं असतं."

"इतकी वर्षं झाकलंच होतं, पाळकसाहेब. झाकून ठेवलेली भाजीसुद्धा नासते." ती नवऱ्याकडं वळली. "अजून वेळ आहे. जसं झालं तसं बोला."

विश्वास म्हणाला, "तुला माझी इज्जत बघवत नाही." त्या वाक्यानं ती इतकी पेटली की त्याला मागं टाकून एकटीच घरी चालत आली.

सभेला मैदान भरलं होतं. विश्वास माइकसमोर उभा राहिला, कीबोर्डवाल्यानं हळू सूर धरला. "मैं शराब में जानवर बन गया था," तो म्हणाला. "चूल्हे की जलती लकड़ी उठाई..." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सत्यजित रत्नप्रभाकडं बघत होता. बोलवावं की नको, त्याला ठरवता येईना. ती स्वतःच उठली.

तिनं माइक हातात घेतला.

"हमारे घर में चूल्हा नहीं था," ती म्हणाली. "और उस दिन इन्होंने पी नहीं थी. होश में थे. ये शराब की माफी माँगते हैं. शराब ने मेरा हाथ नहीं तोड़ा." कीबोर्ड थांबला. "मैं इन्हें छोड़ के नहीं जा रही. इसीलिए बोल रही हूँ."

ती जाऊन आपल्या जागी बसली. शेजारची बाई पुटपुटली, "घर की बात थी, आंटी." सत्यजितनं घाईघाईनं गाणं सुरू केलं, पण गाताना त्याची मान खाली होती. पाप काढलं की लोक उठून जातात म्हणे. मैदानावरून एक माणूस हलला नव्हता.

विश्वास घरापर्यंत तिच्या पुढं चालत आला. स्वयंपाकघरात स्टुलावर बसला. तिनं चहाचं आधण ठेवलं. बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तिचं बोलून झालं होतं.

"मी प्यायलो नव्हतो," तो म्हणाला.

ती आधणात साखर घालत राहिली.

"पहिल्यांदा दार रागात ओढलं." त्यानं दाराच्या चौकटीकडं बघितलं. "दुसऱ्यांदा मुद्दाम."

साक्ष देताना ढळाढळा वाहणारे त्याचे डोळे कोरडे होते. माझं चुकलं, असं तो म्हणाला ते तिच्या हाताकडं बघून. रत्नप्रभाला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. तसं काही झालं नाही. उलट राग आणखी वर आला, कारण एवढ्याशा वाक्याला ह्या माणसाला इतकी वर्षं लागली होती. तरी हेच वाक्य तिला हवं होतं, आणि ते खरं होतं, हेही तिला कळलं. तिनं गॅस बंद केला आणि आपला फोन त्याच्यासमोर ठेवला.

"आता अपर्णाला सांगा. लेकराच्या तोंडून खोटं वदवलंत."

"ती माझ्याशी बोलणार नाही."

"माझ्या फोनवरून लावते."

तिनं फोन लावून स्पीकर चालू केला. "हां आई," अपर्णाचा आवाज आला. "बोल ना."

विश्वास फोनकडं वाकला. त्यानं सुरुवात केली, "बेटा, तुझा बाप दारूच्या नशेत..."

रत्नप्रभानं आपल्या वाकड्या हातानं त्याचा दंड धरला.

"लाकूड नको," ती म्हणाली. "दार सांगा."