डाव्या हाताची मुलं

मनोरमाबाईंनी त्या दिवशी चहात दोनदा साखर घातली आणि तो तसाच प्यायल्या. घड्याळात साडेदहा झाले होते, म्हणजे मालदीवमध्ये दहा. तिकडे बेटावरच्या शाळेत रुचिताच्या वर्गावर तपासणी सुरू झाली असणार.

लेक तीन महिन्यांपूर्वी मीरा रोडच्या शाळेतली नोकरी सोडून तिकडे गणित शिकवायला गेली होती. नेमणूक अजून कच्ची. आज बोटीने येणाऱ्या सुपरवायझरबाईंना तास पसंत पडला तर पक्की, नाहीतर परतीचं तिकीट. आणि तिथली मुलं पडली गप्प. साठ पोरांच्या कलकलाटात मुरलेल्या मास्तरणीला सोळा मुलांची शांतता खायला उठली होती. काल ती फोनवर रडकुंडीला आली, तेव्हा बाईंनी आपला हुकमाचा एक्का काढून दिला.

"तपासणीला साहेब येणार असले की मी काय करायचे? येतंय त्यांनी उजवा हात वर करायचा, येत नाही त्यांनी डावा. सगळा वर्ग हुशार दिसतो. तू आपली उजव्यांनाच विचार."

भाईंदर पूर्वेच्या शाळेत एकतीस वर्षं काढली, पण एका साहेबाने बाईंच्या वर्गाला नाव ठेवलं असेल तर शपथ. त्याचा त्यांना तोरा होता, आणि तो त्या लपवतही नसत.

अकरा वाजले. सव्वाअकरा. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा गिचका झाला. देवापुढे बसल्या तर मन थाऱ्यावर नाही. पोरीनं आता पस्तिशीत पुन्हा शाळांचे उंबरठे झिजवायचे?

बारा वाजता फोन वाजला.

"आई, गडबड झाली."

"काय झालं? बोल लवकर."

"सगळे हात वर आले. त्या बाई एकदम खूश. मग त्यांनीच एका मुलीला उठवलं, म्हणाल्या, तू सांग. तर ती म्हणते, मला येत नाही, म्हणून तर डावा हात केलाय. मिसनी तसंच सांगितलंय."

बाईंच्या वर्गातल्या पोरांनी जीव गेला तरी हे गुपित फोडलं नसतं. तिकडच्या पोरीला ते गुपित आहे, हेच कळलं नव्हतं.

"माझं नाव सांगितलंस?"

"नाही. माझीच आयडिया म्हणाले. खूप चिडल्या त्या. मग सगळ्यांना पुन्हा हात वर करायला लावले. डावे अकरा होते, आई. सोळातले अकरा. आणि मी तीन महिने शिकवतेय."

"अगं, नोकरीचं काय ते सांग."

"एक महिना वाढवून दिलाय. पुढच्या वेळी त्या अकरा जणांनाच विचारणार. त्यांना आलं तर मी राहिले." मग रुचितानं विचारलं, "साहेब गेल्यावर तू काय करायचीस गं, डाव्या हातवाल्यांचं?"

"आवाज तुटतोय तुझा," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. आवाज चांगला खणखणीत येत होता.

घरात बसवेना. दुधाचं निमित्त करून त्या खाली उतरल्या. कोपऱ्यावरच्या डेअरीत अमोल होता. पहिली ते चौथी बाईंच्याच हाताखाली शिकलेला, आता चाळिशीला टेकलेला.

"अमोल, एक विचारू? साहेब आले की तू कुठला हात वर करायचास रे?"

अमोल खळखळून हसला. "डावा, बाई. चारही वर्षं डावा. अजूनपण पोरगी गणित घेऊन आली की मी दुकानात पळतो." त्याने दुधाची पिशवी पुढे केली. "पण तुमचे उपकार हां, बाई. एकदापण पकडलो गेलो नाय."

बाई पिशवी धरून उभ्याच राहिल्या. त्याची माफी मागायला तोंड उघडावं, तर तो त्यांचे आभार मानत होता.