पाखरांची मूठ

आज बियाण्याच्या पिशवीवर ‘ओरायझा सटायव्हा’ हे भाताचं शास्त्रीय नाव वाचलं आणि उमरोळीच्या शेतातला, पालापाचोळा जाळून राब भाजलेल्या मातीचा वास आठवला.

तेव्हा मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. आई भात पेरायला निघाली होती. मी ऐटीत म्हटलं, “आई, सटायव्हा म्हणजे पेरलेली. लॅटिन विशेषण आहे, आपल्या मराठीसारखंच लिंगाप्रमाणे बदलतं.”

आईने नेहमीप्रमाणे पहिली मूठ बांधावर पाखरांसाठी टाकली.

“मंग हिला तुजं नाव नाय चालायचं,” ती हसली. “ही पेरलेली नाय, दिलेली हाय.”

आता पेरणी मी करते. पिशवीतल्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, म्हणून पहिली मूठ घरच्या कणगीतून घेते. चिमण्या नाव विचारत नाहीत.