तात्यांच्या आवाजातलं गाऱ्हाणं

गेल्या रविवारी आचऱ्याला काकीकडे गेले होते. चुलतभाऊ नितीन पहिल्यांदाच जहाजावरच्या नोकरीला निघाला होता, त्याला निरोप द्यायला. आल्यापासून कशात लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहून टाकते...

माझं मोबाईलचं वेड तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. लाँचर बदल, आयकॉन पॅक बदल, कस्टम रॉम टाक... एकदा तर हौसेपायी चांगला चालता फोन कायमचा बंद पाडून झालाय. घरचे आपले फोन माझ्यापासून लपवून ठेवतात.

या वेडाला घरात एकच गिऱ्हाईक होतं, माझे धाकटे काका, म्हणजे नितीनचे वडील, तात्या. त्यांच्या फोनवर मी आयकॉनची नावं मालवणीत करून दिली होती. कॅमेऱ्याखाली ‘फोटो काड’, मॅपखाली ‘खंय आसा’ आणि सेटिंग्जखाली ‘हात लाव नको’. चहाच्या टपरीवर बसून ते येईल-जाईल त्याला दाखवत सुटायचे.

मी नवीन फोन घेतला की त्याचा माईक कसा आहे ते तपासायचं काम तात्यांकडे. ते घसा खाकरायचे आणि सरळ देवाला गाऱ्हाणं घालायला लागायचे. असा प्रत्येक फोनमधला तात्यांचा आवाज माझ्याकडे साठत गेला.

आमच्याकडे कोणी लांब निघालं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. घरातलं मोठं माणूस देवाला खणखणीत आवाजात सांगतं आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आमच्या घरात तात्या धाकटे असूनही हे त्यांचंच काम होतं... गेल्या वर्षी ते हार्ट अटॅकने गेले.

आवाज शिकून घेणारं एक ॲप आलंय, असं मी काकीला कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. नितीनचं जायचं ठरल्यावर तिचा फोन आला. “गो बाय, तुज्याकडे तेंचो आवाज आसा मां? तेंका सांग, झिलासाठी एक गाऱ्हाणा घाला म्हणान. बापाच्या गाऱ्हाण्याबिगर तो दर्यावर कसो जातलो?”

मी कामाला लागले. सगळी रेकॉर्डिंग काढली, ॲपला दिली, गाऱ्हाणं टाईप केलं. तात्यांच्या आवाजात नितीनचं नाव ऐकू आलं तेव्हा फोन बाजूला ठेवून रडले... आणि मग परत लावलं. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता.

रविवारी सकाळी काकीने देवापुढे नारळ ठेवला. नितीन बॅग भरून, नवा शर्ट घालून उभा. मी फोन स्पीकरला जोडला आणि प्ले केलं.

“बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो पोरगो नितीन दर्यावर जावक निगालो आसा म्हाराजा...” हुबेहूब तात्या. काकीचे हात आपोआप जोडले गेले. तिने तोंड उघडलं, “व्हय म्हा...”

तोवर पुढचं वाक्य सुरू झालं होतं.

पुढच्या वाक्याला तिने परत म्हणायला घेतलं, परत अर्ध्यावरच राहिलं. आवाज आपला न अडखळता, न थांबता चालला होता. इडापिडा दूर कर म्हणाला, पोराला सुखरूप घरी आण म्हणाला... आणि संपला. एवढं गाऱ्हाणं झालं आणि घरातून एकही व्हय गेला नाही.

काकी स्पीकरकडे बघत म्हणाली, “आवाज तेंचोच गो. पण ते असे नाय. आमी व्हय म्हणासर ते थांबत. आज थांबूक नाय.”

झालं होतं असं, की रेकॉर्डिंग साफ करताना ॲपने मधल्या सगळ्या रिकाम्या जागा कापून टाकल्या होत्या. माईक तपासतानासुद्धा तात्या वाक्य संपलं की थांबायचे, समोर मी एकटी असले तरी. ॲपच्या लेखी त्या जागेत काहीच नव्हतं.

मी म्हटलं, “काकी, माका जरा वेळ दी, मी ता नीट करतंय.” पण नितीनच्या गाडीची वेळ झाली होती. काकीने नको म्हणून मान हलवली.

मग नितीनच पुढे झाला. त्याने आयुष्यात कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही, त्याला शब्दही धड येत नाहीत. नारळावर हात ठेवून म्हणाला, “बा देवा म्हाराजा... मी जातंय... आवशीक सांभाळ...” आईचं नाव घेतलं आणि त्याला पुढे बोलवेचना. तो तसाच उभा राहिला, खांदे हलत होते.

“व्हय म्हाराजा!” काकी एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारचे दारात आले. मी पण म्हटलं. नितीनने डोळे पुसले, बॅग उचलली आणि गेला.

घरी येऊन मी ती फाईल उघडली. प्रत्येक वाक्यानंतर जागा सोडली, तात्या सोडायचे अगदी तेवढी. प्ले केलं. तात्या बोलले, थांबले. मी त्या जागेत “व्हय म्हाराजा” म्हटलं. पुढचं वाक्य बरोबर वेळेवर आलं.

मग परत लावलं आणि या वेळी मी काहीच बोलले नाही. तरीही पुढचं वाक्य आलं... तसंच, तेवढ्याच वेळाने.

तात्या असते तर म्हणाले असते, “गो, व्हय म्हण मां!” आणि मी म्हणेपर्यंत पुढे गेले नसते.

ते गेले तेव्हा सगळे रडत होते आणि मी धावपळ करत होते. ते खरंच गेले, हे मला त्या रविवारी कळलं.