लिफ्टमधला कागद

आमच्या लिफ्टमधला ‘एका वेळी दोघेच’ हा कागद सोसायटीच्या सेक्रेटरींनी आज खरवडून काढला आणि पेढे वाटले. “दोन्ही डोस झाले, आता कसली भीती?” लगेच सहाजण आत घुसले, मास्क हनुवटीवर, तोंडात पेढा.

शेजारच्या काकू दारातच थांबल्या. त्यांची किडनी बदललेली आहे. त्यासाठीच्या औषधांमुळे लस त्यांना पुरेशी लागू पडत नाही, हे आतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“या की काकू, होईल जागा!”

“नको, तुम्ही व्हा पुढे,” म्हणत त्या जिन्याकडे वळल्या.

माझं डोकंच फिरलं. निर्बंध उठले म्हणे! उठले कुठे? सगळ्यांच्या अंगावरचे काढून या एकटीवर लादले.

मीही जिन्यानेच निघालो. तिसऱ्या मजल्यावर काकू कठडा धरून धापा टाकत होत्या. पेढा मुठीत तसाच होता. खायचा तर मास्क काढावा लागला असता.