जुळ्यांची चवळी

जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेलं मूल हट्टी निघतं, असं आमच्या अबेओकुटा शहरात धरूनच चालतात. ते मूल म्हणजे मी, इडोवू. पण खरा हट्ट बघायचा तर आमच्या आईचा. आई, म्हणजे अबेके, बाजारात चाळीस वर्षं पातेली विकलेली बाई. जुळ्यांच्या आईनं अधूनमधून चवळी रांधायची, आधी जुळ्यांना वाढायची आणि मग गल्लीतल्या पोरांना, ही आमची रीत. भाऊ पन्नाशीला टेकले तरी आईनं ती चुकवली नव्हती.

वडील गेले आणि कबरीत पहिली मूठ माती कुणी टाकायची यावरून दोघांची जुंपली. आमच्याकडे आधी जन्मतो तो तायवो, धाकटा. मागून येतो तो केहिंदे, थोरला, कारण जग कसं आहे ते बघायला त्यानंच तायवोला पुढे धाडलेलं असतं. माती केहिंदेनं टाकली. तायवो पडला हेडमास्तर, त्यानं जन्मदाखला काढला. म्हणे, मी अर्ध्या तासानं मोठा. तेव्हापासून दोन वर्षं अबोला. आईच्या घरी एक आला की दुसरा फिरकत नसे, आणि चवळीचं पातेलं माळ्यावर पडून होतं.

शेवटी आईनं दोघांना निरोप धाडला, "माझे गुडघे गेलेत. ही माझ्या हातची शेवटची चवळी. दोघं आलात तर वाढीन, नाहीतर गटारात ओतीन."

शनिवारी सकाळपासून तिनं मला चुलीला हात लावू दिला नाही. चवळी बोटानं चिरडेल इतकी मऊ शिजवली, मग वाटलेली लाल मिरची, कांदा, मूठभर जवळा आणि लाल पाम तेल. मीठ अगदी शेवटी.

"आधी घातलं तर तुझ्यासारखी अडून बसते," ती मला म्हणाली.

दोघं आले. बाकाच्या दोन टोकांना बसले. अंगणात पोरं वाडगे घेऊन ताटकळत होती. आईनं पहिला वाडगा भरला. केहिंदेनं सवयीनं हात पुढे केला आणि तायवो ताडकन उठला.

"हेच बघायला बोलावलंस?"

"बस खाली," आई म्हणाली. "तुम्ही महिन्याचे असताना ओळखू यावं म्हणून केहिंदेच्या कमरेला मण्यांची दोरी बांधली होती. आंघोळ घालताना ती सुटली. परत कुणाला बांधली, देव जाणे. थोरला कोण ते मलाच ठाऊक नाही. आता भांडा."

तायवो परत बाकावर टेकला.

"म्हणजे बाबांना पहिली माती धाकट्यानं दिली?" केहिंदेनं विचारलं.

"असेलही."

केहिंदेनं वाडगा तायवोकडे सरकवला. "तू घे आधी."

"नको, तू घे."

"कुणीतरी गिळा रे," मी ओरडले, "पोरं उपाशी आहेत."

मग दोघांनी एकाच वाडग्यात चमचे घातले. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू?

दुपारी पोरं जेवून गेली. भाऊ एकाच मोटारसायकलवरून गेले. आई पाटावर बसून पातेलं घासत होती.

"आई, ती दोरी कुणाला बांधलीस, खरंच आठवत नाही?"

"तीन गाठी मारल्या होत्या मी," आई म्हणाली. "सुटते कसली?"