दाढदुखीची रजा

सकाळी दुकान उघडताना निशाचा निरोप आला. "ताई, पाळी आलीय. पोटात फार दुखतंय. आज येत नाही." एवढंच. निशा माझ्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या दाखवते. ऐन लग्नसराईत ती येणार नाही म्हटल्यावर माझं डोकं तापलं, आणि तरीही तो निरोप पुन्हापुन्हा वाचत मी पायरीवरच उभी राहिले.

तिच्या वयात मीही दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर उभी असायचे. कळा आल्या की काउंटरची कड घट्ट धरायचे. अगदीच असह्य झालं तर सांगायचे, दाढ दुखतेय. शेठ सगळ्यांसमोर हसायचे, "दर महिन्याला दुखते? काढून टाक की!" तो राग मी अजून सोडलेला नाही. पुढे व्यापाऱ्यांशी हुज्जत घालत मी हे दुकान उभं केलं, भावात कधी कुणाला हार गेले नाही. पण निशाचं ते साधं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

मी तिला फोन लावला. "पडून राहा. उद्याही दुखलं तर उद्याही येऊ नकोस."

"ताई, रागावलात का?"

"रागावलेय. तुझ्यावर नाही."

माझी पाळी थांबून आता चार वर्षं झाली. दुकान माझं, रजा कुणाकडे मागायची नाही. तरी वाटतं, तेव्हाची एखादी दुपार मिळावी, पाय पोटाशी घेऊन निजण्याची, आणि खरं कारण सांगून घेतलेली.